ॲनालॉग की डिजिटल? मॉडेल रेल्वेचा कंट्रोल ठरवताना आणि वायरिंग करताना

मॉडेल रेल्वेचा बोर्ड उभा राहिला, चार रूळ अंथरले, की लगेच प्रश्न येतो: कंट्रोल ॲनालॉग ठेवायचा की डिजिटल? बरेच जण बोर्डाच्या आकारावरून ठरवतात, काही जण खिशाकडे बघून. विचारायचा प्रश्न वेगळा आहे. एकमेकांना जोडलेल्या रुळांवर एकाच वेळी किती इंजिनं स्वतंत्रपणे हलवायची आहेत? एकच असेल तर ॲनालॉग पुरतो, आणि छान पुरतो. दोन असतील तर दोन्ही पद्धती जमतात. तिसरं इंजिन आलं की ॲनालॉगमध्ये सगळं लक्ष स्विचांकडेच जातं, गाडीकडे बघायला सवड राहत नाही.

काहीही ठरवलं तरी रुळाखालच्या तारा पहिल्या दिवसापासून डिजिटलच्या हिशेबाने ओढा. खर्चात फार फरक पडत नाही आणि पुढे कंट्रोल बदलायचा झाला तर फक्त कंट्रोलरचा डबा बदलतो. खडी चिकटवून झाल्यावर रूळ उकरायची वेळ येत नाही.

रुळांतून काय वाहतं

ॲनालॉगमध्ये रुळांना ० ते १२ व्होल्ट डीसी मिळतो. व्होल्ट वाढवले की वेग वाढतो, प्लस-मायनसची अदलाबदल केली की दिशा उलटते. हुकूम रुळाला जातो, त्यामुळे त्या रुळावर जे इंजिन उभं असेल ते पळतं.

डिजिटलमध्ये, म्हणजे डीसीसीमध्ये, रुळांत कायम पूर्ण व्होल्टेज असतं. एचओ स्केलसाठी (खऱ्या गाडीच्या १:८७ मापासाठी) साधारण १४ ते १५ व्होल्ट, त्याहून लहान एन स्केलसाठी १२ च्या आसपास. या व्होल्टेजची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटत राहते आणि निरोप त्या उलटण्याच्या वेळेतच दडलेला असतो. अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंद टिकला तर तो ‘१’, १०० किंवा जास्त टिकला तर ‘०’. इंजिनातला डिकोडर (छोटं इलेक्ट्रॉनिक सर्किट) हे वाचतो आणि पत्ता स्वतःचा असेल तरच मोटर फिरवतो. ही पद्धत जर्मनीच्या लेन्झ कंपनीने विकसित केली आणि अमेरिकेच्या एनएमआरए संघटनेने १९९० च्या दशकात तिची मानकं ठरवली. म्हणूनच एका कंपनीचा डिकोडर दुसऱ्या कंपनीच्या डीसीसी स्टेशनवर, म्हणजे हुकूम पाठवणाऱ्या डब्यावर, चालतो.

मराठवाड्यातली रेल्वे करायची तर गेजचा (दोन रुळांमधल्या अंतराचा) विचार याच टप्प्यावर करा, कारण डिकोडरला जागा मिळणार का हे त्यावर ठरतं. एचओचा १६.५ मिमी रूळ हा १४३५ मिमी गेजचा १:८७ आहे. आपला १६७६ मिमीचा ब्रॉड गेज त्या मापात १९.३ मिमी भरतो. बहुतेक जण १६.५ वरच भागवतात आणि ते दिसायला वाईट दिसत नाही. मनमाड-जालना-परभणी-नांदेड मार्गाचा जुना मीटर गेज दाखवायचा असेल तर १२ मिमीचा रूळ जवळचा. पूर्वी लातूरला येणाऱ्या बार्शी लाइट रेल्वेचा ७६२ मिमी गेज १:८७ ला पावणेनऊ मिमी होतो, म्हणजे एन स्केलचा ९ मिमी रूळ आणि एनची चेसिस चालते. पण त्या चेसिसमध्ये बोटाच्या पेराएवढीही मोकळी जागा नसते. तिथे डिजिटल करायचं असेल तर डिकोडरचं सॉकेट आधीच असलेली चेसिसच घ्या. ६ पिनचं किंवा नेक्स्ट१८ सॉकेट असतं. वरची बॉडी थ्रीडी प्रिंट करून बसवणाऱ्यांनी हे आधी बघावं.

एकच काम, दोन पद्धती

समजा बोर्डावर पूर्णेसारखं जंक्शन आहे. गाडी फलाटावर लागते, इंजिन सुटतं, बाजूच्या रुळावरून मागे जातं आणि दुसऱ्या टोकाला लागतं. फरक इथे नीट कळतो.

ॲनालॉगमध्ये फलाटाच्या टोकाला इंजिनाच्या लांबीपेक्षा ५ सेंमी जास्त असा तुकडा इन्सुलेटेड जॉइनरने (वीज पुढे न जाऊ देणाऱ्या रूळजोडाने) वेगळा करावा लागतो. गाडी आली, कपलिंग सोडलं, इंजिन तुकड्यात नेलं, सांधा बदलला, दिशेचा स्विच उलटा केला, बाजूच्या रुळाचा ब्लॉक (वेगळी वीज मिळणारा भाग) त्याच कंट्रोलरला दिला, इंजिन मागे नेलं. या वेळी बाजूच्या रुळावर दुसरं इंजिन उभं असेल आणि त्याच्या तुकड्याचा स्विच बंद करायचा राहिला असेल, तर तेही निघतं. दोन गाड्यांची टक्कर बहुतेक वेळा अशीच होते.

डिजिटलमध्ये सांधा बदलायचा, इंजिनाचा पत्ता निवडायचा आणि चालवायचं. शेजारचं इंजिन दिवे लावून जागेवर उभं राहतं. दोन इंजिनं एकाच रुळावर समोरासमोर आणून जोडताही येतात. ॲनालॉगमध्ये हे करायचं तर रुळाचे इतके तुकडे पाडावे लागतील की कोणी त्या वाटेला जात नाही.

तरी ॲनालॉगला कमी लेखू नका. एकेरी मार्ग, दोन स्टेशनं, एक पॅसेंजर फेऱ्या मारते आणि मध्ये एक क्रॉसिंग, एवढाच बेत असेल तर ॲनालॉग जास्त सुखाचा. इंजिनात काही बसवायचं नाही, प्रोग्रॅमिंग नाही, आणि बिघाड झाला तर १२ व्होल्टचा बल्ब घेऊन पाच मिनिटांत सापडतो. दहा इंजिनं जमवली असतील तर डिजिटलसाठी दहा डिकोडर लागतात, हेही मोजा. डिजिटलचा मोठा खर्च तिथेच आहे, डीसीसी स्टेशनच्या डब्यात नाही.

तारा ओढणे

८ बाय ४ फुटांच्या प्लायवर ५० सेंमी त्रिज्येचा अंडाकृती मार्ग साधारण साडेपाच मीटरचा होतो. पुढची मापं त्याच हिशेबाने दिली आहेत.

बोर्डाखाली लाल आणि काळी, १.५ चौरस मिमीची तांब्याची वायर लांबीभर फिरवा. ही मुख्य जोडी. घरातल्या लाइट फिटिंगला लागते तीच, कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. ५ मीटर लांब जोडीत ३ अँपिअर वाहिले तर सुमारे ०.३६ व्होल्ट पडतो, तो चालतो. पातळ तारेने काम भागवलं तर लांबच्या टोकाला गाडी मंदावते, आणि डिजिटलमध्ये त्याहून वाईट म्हणजे शॉर्ट झाला तरी डीसीसी स्टेशनला तो कळत नाही.

मुख्य जोडीतून प्रत्येक मीटरला रुळापर्यंत ०.५ चौरस मिमीची, १५ ते २० सेंमीपेक्षा लांब नसलेली फीडर जोडी वर घ्या. अंडाकृती मार्गाला सहा जोड्या, शिवाय स्टेशनच्या प्रत्येक रुळाला आणि प्रत्येक सायडिंगला एकेक. रुळांचे जॉइनर फक्त रूळ सरळ धरण्यासाठी आहेत असं समजा. वीज त्यांच्या भरवशावर सोडली की वर्षभरात काळे पडतात आणि लूज कॉन्टॅक्ट सुरू होतो.

सोल्डर रुळाच्या बाहेरच्या अंगाला मारा, आतून चाकाची कड जाते. आधी तेवढी जागा बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करा, तारेला आधीच शिसं लावून घ्या, मग ४० ते ६० वॉटच्या गरम सोल्डरिंग इस्त्रीने दोन-तीन सेकंदांत काम उरका. कमी वॉटची इस्त्री दहा सेकंद टेकवली तर स्लीपरचं प्लॅस्टिक वितळून गेज बिघडतो. दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे ठेवले की उष्णता पुढे जात नाही. ॲसिडचा फ्लक्स वापरू नका, तो नंतर रूळ खातो. रेझिनवालं ६०/४० शिसंच घ्या.

सगळे जोड सोल्डर करायचा मोह टाळा. पत्र्याच्या खोलीत डिसेंबरची पहाट आणि मेची दुपार यांत ३५ अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यात निकल सिल्व्हरचा एक मीटर रूळ अर्ध्या मिलिमीटरहून जास्त वाढतो. थंडीत रूळ टाकत असाल तर मीटरमागे पाऊण मिमीची फट ठेवा. मे महिन्यात टाकत असाल तर जोड जवळजवळ भिडवले तरी चालतं, थंडीत ते आपोआप उघडतात. फट नसेल तर उन्हाळ्यात वळणावर रूळ साप चालल्यासारखा वाकतो.

सांध्यांकडे नीट लक्ष द्या. मधला फ्रॉग (दोन रूळ एकमेकांना छेदतात तो भाग) प्लॅस्टिकचा असेल तर वायरिंग सोपी, पण चार चाकांचं छोटं इंजिन त्यावर अडकतं. फ्रॉग धातूचा असेल तर त्याच्या पुढच्या दोन्ही रुळांना इन्सुलेटेड जॉइनर घाला आणि फ्रॉगला वेगळी तार देऊन ती सांध्याच्या मोटरवरच्या चेंजओव्हर स्विचमधून बदलती ठेवा. हे जॉइनर राहिले तर सांधा बदलताच शॉर्ट होतो आणि दोष डिकोडरमध्ये शोधण्यात संध्याकाळ जाते.

बोर्डावर कुठे गाडी फिरून त्याच रुळावर उलटी येत असेल, तर त्या फेऱ्याचे दोन्ही रूळ दोन्ही टोकांना कापा. कापलेला भाग सर्वांत लांब गाडीपेक्षा लांब हवा. डिजिटलमध्ये तिथे ऑटो रिव्हर्सर लावला की काम झालं. ॲनालॉगमध्ये गाडी फेऱ्यात थांबवून हाताने दिशा बदलावी लागते.

आता नाण्याची परीक्षा. कमी करंटवर कंट्रोल सुरू करून रुळांवर नाणं आडवं ठेवा. सर्वांत लांबच्या टोकाला, प्रत्येक सायडिंगच्या शेवटी, प्रत्येक सांध्यापलीकडे. प्रत्येक ठिकाणी कंट्रोलने लगेच वीज तोडली पाहिजे (पुढे दिलेल्या ॲनालॉग डब्यात बल्ब लख्ख पेटला पाहिजे). एखाद्या जागी नुसतीच ठिणगी उडत राहिली तर तिथे फीडर कमी आहे. हे न बघता गाडी सोडली तर रुळावरून घसरलेल्या इंजिनाची बोगी वितळेपर्यंत वीज वाहत राहते.

ॲनालॉगचा डबा

सीसीटीव्हीसाठी मिळणारा १२ व्होल्ट ५ अँपिअरचा एसएमपीएस (घरच्या विजेपासून डीसी देणारा पॉवर सप्लाय), ब्रश डीसी मोटरचा पीडब्ल्यूएम स्पीड कंट्रोलर (वीज झपाट्याने चालू-बंद करून वेग बदलणारा) आणि सेंटर-ऑफ डीपीडीटी टॉगल (मध्ये बंद राहणारा, सहा पायांचा दुहेरी स्विच), एवढ्यात चांगला कंट्रोलर होतो. टॉगलचे मधले दोन पाय रुळाकडे द्या, एका बाजूच्या दोन पायांवर कंट्रोलरचं आउटपुट आणा आणि दुसऱ्या बाजूच्या दोन पायांना तेच आउटपुट तिरकं जोडा. मॉड्यूलची फ्रिक्वेन्सी १५ ते २० किलोहर्ट्झ असेल तर इंजिन आवाज न करता हळू चालतं. कमी फ्रिक्वेन्सीवर ते गुणगुणतं, आणि कोअरलेस (लोखंडी गाभा नसलेली) मोटर असेल तर तापून खराब होते.

एसएमपीएसचे २३० व्होल्टचे स्क्रू उघडे असतात. तो झाकणाच्या डब्यात बसवा, अर्थिंग जोडा, फेजला फ्यूज द्या. ५ अँपिअर ही एका इंजिनाला जाळण्यापुरती वीज आहे, म्हणून रुळाकडे जाणाऱ्या एका तारेत १२ व्होल्ट २१ वॉटचा ऑटोचा बल्ब सिरीजमध्ये घाला. गाडी चालताना तो विझलेला राहतो, शॉर्ट झाला की लख्ख पेटतो आणि करंट पावणेदोन अँपिअरच्या आसपास अडवतो. स्पेअर पार्टच्या दुकानातला हा साधा बल्ब महागड्या इंजिनाला वाचवतो.

दोन गाड्यांसाठी प्रत्येक ब्लॉकचे दोन्ही रूळ कापून एकेक सेंटर-ऑफ डीपीडीटी द्या: वर केला की कंट्रोलर अ, खाली केला की कंट्रोलर ब, मध्ये बंद. तीन फलाट, एक बाजूचा रूळ, दोन सायडिंग आणि मुख्य मार्ग दोन भागांत, असे आठ ब्लॉक होतात. मुख्य जोडी त्या त्या ब्लॉकपुरती तोडून तिची टोकं पॅनेलपर्यंत आणा. दोन्ही कंट्रोलरना वेगवेगळा एसएमपीएस ठेवा. पुढे डिजिटल केलं की आठही टॉगल ‘अ’कडे करून तिथे डीसीसी स्टेशन जोडायचं. हेच टॉगल मग दोष शोधायला उपयोगी पडतात, एकेक ब्लॉक बंद करत शॉर्ट कुठे आहे ते सापडतं.

डिजिटल बसवताना

तयार स्टार्टर सेट घेणं सोपं. हाताने करायची आवड असेल तर अर्डुइनो मेगा (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) आणि त्यावर बसणाऱ्या मोटर शील्ड आर३ या जोडबोर्डावर डीसीसी-ईएक्स हे मोफत सॉफ्टवेअर टाकून स्टेशन बनतं. सुटे भाग पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा नांदेड-लातूरकरांना जवळ पडणाऱ्या हैदराबादच्या कोठी भागात बघता येतात. इथे एक चूक वारंवार होते. शील्डच्या मागे व्हिन कनेक्ट अशी पट्टी असते. ती कापल्याशिवाय १५ व्होल्ट जोडले तर तेच व्होल्टेज मेगाच्या रेग्युलेटरवर जातं आणि तो तापून बसतो. पट्टी कापा, मेगाला वेगळा पुरवठा द्या आणि शील्डला १५ व्होल्टचा एसएमपीएस जोडा. शील्डमधली चिप दोनेक व्होल्ट खाते, म्हणून रुळावर १३ च्या आसपास मिळतात. शील्डचं पहिलं आउटपुट मुख्य मार्गाला, दुसरं ५० सेंमीच्या वेगळ्या प्रोग्रॅमिंग रुळाला. वायफाय मॉड्यूल लावलं की मोबाइलवरचं ‘इंजिन ड्रायव्हर’ नावाचं ॲप हँडल म्हणून वापरता येतं.

डिकोडर घेण्याआधी इंजिनाचा स्टॉल करंट (मोटर अडकली असताना ओढला जाणारा) मोजा. १२ व्होल्ट डीसी, सिरीजमध्ये अँपिअर मीटर, चाकं एक-दोन सेकंद घट्ट धरा, आकडा लिहून घ्या. डिकोडरची क्षमता त्याहून जास्त हवी. जुन्या इंजिनात तो आकडा १ अँपिअरच्या वर निघाला तर डिकोडर बसवण्याआधी मोटर साफ करा, तेल द्या, तरी उतरला नाही तर मोटर बदला.

सॉकेट असेल तर त्यातली आंधळी (डमी) पट्टी काढून डिकोडर दाबला की झालं. सॉकेट नसेल तर तारा अशा: लाल उजव्या रुळाच्या पिकअपला, काळी डाव्या, नारिंगी आणि राखाडी मोटरला, पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या, निळी सगळ्या दिव्यांची सामाईक प्लस. एलईडीला १ किलोओहमचा रेझिस्टर द्या.

यात सगळ्यात महत्त्वाचं काम मोटर वेगळी करण्याचं. जुन्या धातूच्या चेसिसमध्ये मोटरचा एक ब्रश थेट चेसिसला टेकलेला असतो. मोटर बाहेर काढा, ब्रशच्या स्प्रिंगखाली इन्सुलेशनचा बारीक तुकडा सरकवा, मोटर परत बसवा आणि मल्टिमीटर बझरवर ठेवून दोन्ही ब्रश आणि चेसिस, दोन्ही ब्रश आणि चारही चाकं असं एकेक तपासा. कुठेही बझर वाजता कामा नये. स्क्रू आवळल्यावर पुन्हा तपासा, कारण बऱ्याचदा लांब स्क्रूच मोटरच्या पत्र्याला टेकतो. एका ठिकाणी जरी संपर्क राहिला तरी वीज देताक्षणी डिकोडरचं आउटपुट जळतं आणि करपलेला वास येतो. त्यावर इलाज नाही, नवाच घ्यावा लागतो.

डिकोडरभोवती काळी टेप गुंडाळू नका. मे महिन्यात ती पघळते आणि उष्णताही कोंडते. खाली कॅप्टॉन टेपची (उष्णता सोसणाऱ्या पातळ टेपची) एक पट्टी पुरे.

पहिली वीज नेहमी प्रोग्रॅमिंग रुळावर द्या. तिथे करंट कमी असतो, म्हणून जोडणी चुकली तरी डिकोडर वाचण्याची शक्यता जास्त. सीव्ही ८ वाचून बघा (सीव्ही म्हणजे डिकोडरमधली क्रमांकवार सेटिंग). डिकोडर उत्तर देताना मोटरला क्षणभर झटका देतो, ६ मिलिसेकंद किमान ६० मिलिअँपिअरचा. मोटर जोडलेली नसेल किंवा चाकं मळलेली असतील तर ‘वाचता आलं नाही’ असं येतं. चाकं पुसून पुन्हा करा, डिकोडरला दोष देऊ नका.

नव्या डिकोडरचा पत्ता ३ असतो. मीटर गेजच्या वायडीएम-४ इंजिनांचे क्रमांक चार आकडी होते, ते जसेच्या तसे पत्ता म्हणून बसतात. ६४१२ घ्या: २५६ ने भागा, २५ येतात आणि १२ उरतात. सीव्ही १७ मध्ये १९२ अधिक २५ म्हणजे २१७, सीव्ही १८ मध्ये १२, आणि सीव्ही २९ मध्ये ३४. या ३४ मध्ये लांब पत्ता चालू होतो आणि ॲनालॉग मोड बंद. ॲनालॉग मोड बंद ठेवणं गरजेचं आहे, नाहीतर शॉर्टनंतर वीज परत येताना एखादं इंजिन बेभान धावत सुटतं.

मग चाल बसवा. पहिल्या स्टेपला इंजिन जेमतेम सरकेल इतका सीव्ही २. पूर्ण वेगाला एक मीटर पाच सेकंदांत काटेल इतका सीव्ही ५. १:८७ ला हा वेग ताशी ६२ किमीच्या जवळपास होतो, मीटर गेजच्या पॅसेंजरला शोभतो. सीव्ही ६ या दोघांच्या मध्ये. सीव्ही ३ मध्ये २० टाकले तर शून्यापासून पूर्ण वेगाला १८ सेकंद लागतात, आणि गाडी खरीच वजनदार वाटू लागते. गोंधळ झाला तर बहुतेक डिकोडरांत सीव्ही ८ मध्ये ८ लिहिलं की कारखान्याची मूळ मांडणी परत येते.

डीसीसीचा रूळ साध्या मल्टिमीटरने मोजला तर आकडा चुकतो. एसी रेंज ५० हर्ट्झसाठी असते. दोन जागांची तुलना करायला तो चालतो, खरा आकडा हवा तर ब्रिज रेक्टिफायर आणि कपॅसिटर लावून डीसी मोजा आणि त्यात १.४ मिळवा.

डिकोडर नसलेलं इंजिन डीसीसीच्या रुळावर उभं करू नका. ते गुणगुणतं, मोटर तापते, कोअरलेस असेल तर काही मिनिटांत जाते. ॲनालॉग कंट्रोलर आणि डीसीसी स्टेशन एकाच वेळी एकमेकांना जोडलेल्या रुळांवर ठेवू नका. मधली फट चाकांनी भरली की दोन्ही समोरासमोर येतात. दोन्ही ठेवायचेच असतील तर पूर्ण बोर्डासाठी एकच मोठा चेंजओव्हर स्विच, मध्ये बंद असणारा.

आपल्याकडची हवा आणि वीज

काळ्या मातीची धूळ रुळावर बसली की चाकांखाली काळा थर तयार होतो. डिजिटलमध्ये पूर्ण व्होल्टेज असल्याने हळू चालताना तो थोडा सोसतो, पण निरोप तुटला की इंजिन गचके देतं. लिंट न सुटणारं कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, चालवण्याआधी दर वेळी. पॉलिश पेपर रुळाच्या माथ्यावर मारू नका, त्याच्या चऱ्यांत धूळ बसते. माळवदाच्या खोलीत उन्हाळा सुसह्य असतो, पण वरून मातीचा भुगा सतत गळतो. बोर्डाच्या वर सुती कापड ताणून बांधा, आणि चालवून झालं की बोर्डावर चादर टाका.

लोडशेडिंग असेल तर इन्व्हर्टर कोणता आहे ते बघा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मरवाले जुने कंट्रोलर गुणगुणतात आणि तापतात, एसएमपीएस बहुतेक चालतात. वीज गेली की डिजिटल स्टेशन हाताने बंद करा आणि परत आल्यावर दोन मिनिटांनी सुरू करा, येणारी वीज पहिल्या क्षणी बऱ्याचदा चढलेली असते. मे अखेरीस वळवाचे ढग दिसले की प्लग भिंतीतून काढा. स्विच बंद करून भागत नाही, विजेचा कडकडाट झाला की न्यूट्रलमधूनही झटका येतो.